गेट नंबर दोन

साखळीहून पहाटे पाचची कदंब,
पणजीला बदलून वेर्ण्याच्या चढावर उतरायचं.
स्टॉपच्या मागे, कोणी बघत नसताना,
चपला पिशवीत आणि पिशवीतले बूट पायात.

गेटवर इनासबाब.
जाडजूड रजिस्टर, सुतळीला बांधलेलं पेन
आणि एकच प्रश्न: "कोणाक मेळपाचें?"
पहिल्या दिवशी मी म्हणाले, एचआरला.
"एचआर म्हणल्यार कोण? नांव सांग."
नाव माहीत नव्हतं.
तो हसला नाही. बायोडेटा घेतला,
ड्रॉवरमध्ये कोंबला.
ड्रॉवर पुरता बंद होत नव्हता.

घरी बाबांचा टिपर अंगणातच.
खाण बंद पडल्यापासून
त्याच्या हौद्यात आई मिरच्या वाळवते.
मावसभाऊ टिपरला टेकून म्हणाला,
आमदाराची चिठ्ठी आण, बाकी सगळं फुकट.
गेले. तिथे माझ्यासारख्या चाळीसजणी
आणि दारात एक रजिस्टर.

मग मी गाड्यावर बसायला शिकले.
गेटसमोर पातळभाजी-पाव मिळतो,
रात्रपाळी सातला सुटते.
एक पाव तासभर खायचा,
डोळे ताटलीत, कान बाकड्यावर.
तीन सकाळींत कळलं
की क्यूसी लॅब केंकरे मॅडमच्या हाताखाली चालते,
की त्यांची एक मुलगी अचानक कॅनडाला गेली,
की एचपीएलसीचं मशीन शनिवारपासून रुसलंय
आणि त्याच्याशी गोडीने बोलणारं आता कोणी नाही.
जाहिरातीत यातलं काहीच नव्हतं.
जाहिरातच नव्हती.

फोनचीही वेळ असते.
रिसेप्शनवरची ज्योव्हिता एकला जेवायला उठते,
तेवढा अर्धा तास स्टोअरचा माणूस फोन घेतो.
त्याला प्रश्न विचारायला शिकवलेलं नाही.
"केंकरे बोलतेय."
चार वाक्यं पाठ केली होती, दोनच आठवली.
"मशीनचं तुला कोणी सांगितलं?"
खोटं सुचलं नाही. म्हटलं, भाजी-पावाच्या गाड्यावर.
बराच वेळ नुसती घरघर.
"गुरुवारी ये. अकराला."

गुरुवारी: "कोणाक मेळपाचें?"
मी नाव सांगितलं.
इनासबाबने पेन थांबवलं, टोपी सारखी केली.
मग हळूच, मराठीत, जसं साहेबांशी बोलतो तसं:
अकरा वर्षं झाली इथे,
ही केबिन सोडून आतलं काही बघितलं नाही.
लॅब उजवीकडे की डावीकडे, तेवढं सांग.
माझी पोर बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे.
आणि ड्रॉवरच्या तळातून
त्याने माझा पहिला बायोडेटा ओढून काढला.
पाठीवर त्याच्या अक्षरात टँकरचे नंबर.
"हो घे. फोटो बरो आयला."

आत काचेची खोली, तिथला गारठा.
एचआरचा पोरगा माझ्याच वयाचा, गळ्यात निळी दोरी,
फॉर्म पुढे सरकवून मोबाइलमध्ये गेला.
'कंपनीतील ओळखीची व्यक्ती' असा रकाना होता.
आमदार आठवले. मावसभाऊ आठवला.
मी लिहिलं: इनास.
आडनाव माहीत नव्हतं.
"हे कोणत्या डिपार्टमेंटला?"
गेट नंबर दोन, मी म्हणाले.
त्याने मान वर केली,
मग 'संबंध' या रकान्यावर बोट ठेवलं.
तो मी कोरा सोडला.

मशीनपाशी चाळीस मिनिटं.
मॅडम काही बोलल्या नाहीत, एकदा फक्त
माझ्या हाताकडे बघून आपला चष्मा पुसला.
"कळवू."

बाहेर पडताना रजिस्टरात मीच लिहिलं: दोन दहा.
इनासबाब एका टँकरवाल्याशी तावातावाने भांडत होता,
कागद नसताना आत सोडणार नाही म्हणून.
माझी बस चढावर दिसत होती.
मी रस्त्यातूनच ओरडले:
डावीकडे!
जिन्याच्या मागे, डावीकडे!