पेवाचं तोंड

कुपवाड एमआयडीसीत, रंगाच्या गोदामामागे
आमची खोली. एक पंखा, एक प्रिंटर,
आणि सन्मती मगदूम,
जी सतरा तास झाले खुर्चीतून उठलेली नाही.

तार वितळते, धागा पडतो,
थरावर थर, नखाहून पातळ.
किती झालं, मी विचारलं.
भिंत बघू नका काका, ती म्हणाली,
भोक बघा.
रॉकेट भोकावर चालतं.

माझं आयुष्य लेथवर गेलं.
लेथवर आधी सगळं असतं, मग आपण खरवडतो,
कीस पायाशी साठतो, संध्याकाळी झाडून पोत्यात.
इथे आधी काहीच नाही,
आणि जिथे सोडायचं तिथे सोडत सोडत
बाकीचं उभं राहतं.
झाडायला काही उरत नाही.
झाडू हातात घेऊन मी उभा, पहिले काही दिवस.

काळं प्लास्टिक, पोरांच्या खेळण्यातलं असतं तसलं.
वीतभर लांब, मनगटाएवढं जाड,
मधून पीळ घेत गेलेली वाट.
शबनूर शिकलगार समजावते:
जळणारं एका घरात, जाळणारा वायू दुसऱ्या घरात,
मधे एक झडप.
भेट झाली तरच आग.
वायू थांबवला की हे पुन्हा नुसतं प्लास्टिक,
पिशवीत घालून सिटी बसने न्या.

मला हे नवीन नव्हतं.
हरिपूरला माझा बाप पेवात उतरायचा.
वर तोंड एवढंसं, माणूस खांदे चोरून जाईल इतकं,
आत पोट खोलीएवढं, हळदीचं.
आधी दोरीला कंदील.
कंदील विझला की बाप काठावर बसून
बिडी ओठात धरायचा, पेटवायचा नाही,
आणि म्हणायचा, आत अजून श्वास आल्याला न्हाई.
मग थांबायचं.
हळदीचा भाव काहीही असो, थांबायचं.

तेराव्या तासाला लाइट गेली होती.
चाळीस मिनिटं.
प्रिंटरने आठवण ठेवली, सोडलं तिथूनच धरलं,
पण अंगावर एक रेघ राहिली,
पुराचं पाणी उतरल्यावर भिंतीवर राहते तशी.
सन्मतीने तिच्यावरून बोट फिरवलं, दोनदा.
दुसरं छापायला तार नव्हती,
आणि खाण रविवारीच मिळणार होती.

तासगावच्या पुढे, बंद पडलेली खडीची खाण.
वाळूची पोती, पाण्याचा टँकर, लांबच लांब वायर.
शबनूरने उलटी मोजणी मराठीत केली,
कारण वर बांधावर एक मेंढकं घेऊन थांबलेला,
त्यालाही कळायला हवं
कान कधी झाकायचे.

झडप उघडली.
कपारीतली पारवी एकदम उठली, सगळीच्या सगळी.
सात सेकंदांचा बेत.
आम्ही तिघं त्या रेघेवर डोळे लावून,
आता फुटेल, आता फुटेल.

रेघ टिकली.
पाचव्या सेकंदाला सुटला तो स्टँडचा बोल्ट,
गणपती पेठेतून आणलेला, बारा रुपयांचा,
ज्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.
नळकांडं आडवं झालं. वायू बंद, आग बंद.
वरून हाक आली, झालं का?
शबनूर म्हणाली, अर्धं.

संध्याकाळी हॅकसॉने ते मधोमध कापलं.
पीळ गेला होता, वाट रुंद झाली होती,
तोंड तेवढंच, पोट वाढलेलं.
मी नाक घातलं आत.
हळद नाही, जळक्या प्लास्टिकचा उग्र वास,
तरी मी दुसऱ्यांदा घातलं.
बाप असता तर त्याने आधी
काडीएवढा कंदील शोधला असता.

सन्मती यादी लिहीत होती:
तार, दोन रीळ. बोल्ट, आठ, चांगले.
आणि काका,
लाइट कुठल्या वारी जाते, तेवढं विचारून ठेवा.