नमुना

इवाकिरी गेला, त्याच्या मुलीनं कळवलं,
सोबत हा डबा. मुठीएवढा, पत्र्याचा.
झाकण नखाला दाद देईना,
चमच्याची दांडी घालून उचकटलं.

आत चहा. काळा, बारीक वळलेला.
चिठ्ठीत सूचना: तीन ग्रॅम, तीन मिनिटं,
दूध नको, साखर नको.
प्रेमावती म्हणाली, "मग उरलं काय?"

तीन ग्रॅमसाठी माळ्यावरून तराजू काढला,
सावर्ड्याच्या लॅबमधला, निवृत्तीच्या दिवशी
साहेबांनी काणाडोळा केला म्हणून घरी आलेला.
पारड्यांच्या कडेला अजून तांबडी धूळ.
बत्तीस वर्षं त्यात मी डोंगर मोजला,
चिमटीचिमटीनं.

इवाकिरी मुरगावहून यायचा,
खरेदीदाराचा माणूस, पांढरे बूट घालून.
जेटीवर पोचेपर्यंत ते आमच्या रंगाचे होत.
भांडण एकच: खनिजातला ओलावा.
मी म्हणायचो आठ टक्के, तो साडेनऊ.
"पाणी विकत घेत नाही आम्ही,"
मोडक्या इंग्रजीत. माझंही तेवढंच मोडकं,
म्हणून नीट कळायचं.
भट्टीत नमुना वाळेस्तोवर
दोघं रोजारीच्या गाड्यापाशी उभे:
दूध, आलं, साखर वर येईल इतकी.
तो मुकाट प्यायचा.
एकदाच म्हणाला, घरामागच्या उतारावर
आईच्या चहाच्या चार ओळी आहेत.
मला वाटलं, कविता करत असेल बाई.

विहिरीचं पाणी. उकळी फुटल्यावर जरा थांबलो, ओतलं.
पहिल्या मिनिटाला काही नाही.
दुसऱ्याला तळातून रंग सुटला,
खाणीखालच्या ओढ्याचा,
पण आरपार दिसणारा.

तिकडे याला लाल चहा म्हणतात, मुलगी लिहिते.
दुकानदार काळा म्हणतो.
आम्ही कोरा म्हणतो,
न नेसलेलं लुगडं म्हणावं तसं.

पहिला घोट: गरम, एवढंच.
दुसऱ्याला जीभ तुरटपणा शोधत गेली,
भेटला नाही. तिथे होता
चुलीच्या राखेत भाजलेल्या कणगीचा,
सालीलगत करपत आलेला गोडवा.
आणि गिळून बराच वेळ झाल्यावर,
मी खिडकी लावायला उठलो तेव्हा,
घशात मध.

प्रेमावतीनं न विचारता माझ्या कपातला घोट घेतला,
मग बशी पुढे केली.
गुळाचा खडा मात्र दाढेखाली धरलाच.

डबा उलटा करून टिचकीनं वाजवला.
एका जहाजात हजारो टन जायचे.
त्यातलं चिमूटभर या पत्र्यातून परत आलं
असं पुराव्यानं सांगता येत नाही.
नाही आलं, असंही.

आता खाण बंद, जेटीला बार्ज गंजतात.
रात्री ओली पत्ती पारड्यात ठेवली:
तीन ग्रॅमची साडेबारा झालेली.
कपात उतरलं ते धरलं नाही.
ओलावा शहात्तर टक्के.
जुन्या वहीत नोंद केली, तारीख घातली,
खाली डावीकडे माझी सही.

उजवीकडची जागा कोरी ठेवली.