मोज्यातल्या काकी

फेर्रारात नोव्हेंबरचं धुकं इतकं दाट
की सायकलची घंटी आधी येते, माणूस मागाहून.

नीवेस झेर्बिनी, वय अठ्ठावन्न,
नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या खिडकीवर असते,
अंगणातल्या झाडाची सहा फळं घेऊन निघाली आहे.
झाडावर पान उरलं नाही एकही.
फळं तेवढी आहेत,
मालवायचे राहून गेलेल्या दिव्यांसारखी.

फळाचं नाव इथे काकी.
आपल्याला हसू येतं,
मग पटतंही.
अंगानं भरलेली, सालीनं पातळ,
कच्चेपणी अशी तुरट की समोरच्याचं तोंड आवळून जावं,
आणि आता बोट लागलं तरी
डोळ्यांना पाणी.
आपल्याही घरात असते एखादी.

तळहातावरच्या फोडासारखं जपावं, म्हणतात.
पण तळहात दोन्ही हँडलवर आहेत.

सगळं करून झालंय तिचं.
मागे कॅरिअरवर बांधली, त्या वर्षी मुरंबा पोचला.
पुढच्या टोपलीत ठेवली तर
टोपली दगडी रस्त्यावर दात वाजवत बसली.
हँडलला लटकवलेली पिशवी गुडघ्याशी भांडली.
पाठीवर घेतली त्या दिवशी
संध्याकाळपर्यंत लोक सांगत राहिले,
बाई, तुमच्या कोटाला मागे काहीतरी लागलंय.

आता हे असं ठरलंय:
एकेक फळ एकेका लोकरी मोज्यात.
मोजे वडिलांचे. ते असतात वृद्धाश्रमात,
बारा महिने सपाता घालून,
आणि दर रविवारी विचारतात,
माझे मोजे कोण नेतं गं?
सहा मोजे एका पिशवीत,
पिशवी खांद्यावरून पुढे, पोटाशी,
दुसऱ्याचं मूल नेतात तशी.

वेस ओलांडली की गोटे सुरू होतात,
नदीतून आणून बसवलेले, अंड्याएवढे, ओले.
तिथे ती सीटवरून उठते,
गुडघे सैल सोडते, दातावर दात येऊ देत नाही.
श्वास धरत नाही. धरला की हात ताठतात.
पावाची गाडी अंगावरून जाते.
शिवी ओठापर्यंत येते, ती गिळते;
शिवी दिली की पोट हलतं.

ऑफिसात टेबलावर एकेक मोजा सोडला.
पाच धड.
सहावा ओला.

शेजारच्या विवाहनोंदणीच्या खिडकीवरचा विल्मेर
फळांकडे बघत राहिला.
आज त्याचा नोकरीचा शेवटचा दिवस,
ड्रॉवर रिकामा, कपबशी कागदात गुंडाळलेली.
म्हणाला, नीवेस, आज सांगतोच.
मला काकी आवडत नाही.
अकरा वर्षांत एकही खाल्ली नाही.
जिभेवर कशी बुळबुळीत लागते.
आईला द्यायचो. ती चमच्यानं खायची
आणि विचारायची, आणते ती कशी आहे.
मी सांगायचो, सायकल फार हळू चालवते.

पण तुझी आई,
नीवेस म्हणाली, आणि थांबली.
नोंद तिनंच केली होती,
चार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, निळ्या शाईनं.

हो, तो म्हणाला.
त्यानंतरची मी खिडकीत ठेवतो.
साल सुरकुतेपर्यंत.

बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं.
नीवेसनं ओल्या मोज्यात बोट घातलं, चाटलं,
आणि पुढच्याचा कागद घेतला. मुलगी झाली होती त्याला.

पाच वाजता विल्मेर पाची फळं उघडीच
कॅरिअरला दोरीनं आवळत होता.
तिला बघवेना.
सोड, म्हणाली, आण इकडे,
आणि पाच मोजे देऊन टाकले.

परतताना पिशवीत एकच मोजा, थंड, चिकट.
रविवारी वडिलांना काय सांगायचं
याचा विचार करता करता
गोटे आले,
आणि ती उठली सीटवरून,
गुडघे सैल सोडून.