पाखिया आमोस

लिएसच्या पुढे गाडीरस्ता संपतो,
मग वीस मिनिटं शेळ्यांची वाट.
थेमेलीना पुढे, सत्त्याहत्तर वर्षांची,
काखेत कलिंगड, हातात फावडं.
मी मागे, नुसती धापा टाकत.

वाळू काळी. अगदी काळीही नाही,
तव्याच्या बुडाला असतो तो रंग,
आणि तापलेलीही तव्यासारखीच.
चपला काढल्या आणि मी नाचले,
पाण्यापर्यंत नाचतच गेले.
ती हसली. शेळ्या बघत राहिल्या.

"खण," ती म्हणाली.
चर झाला तशी पाय पसरून बसली आत,
स्कर्ट मांडीवर खोचून.
"आता लोट."
हिवाळाभर धरलेल्या गुडघ्यांना हेच औषध.
डॉक्टर बोटीने येतो, तोही हेच सांगतो.

मी ओंजळीने, मग फावड्याने
वाळू लोटत राहिले,
आणि मध्येच हात थांबला.
आमच्याकडे बायका मातीला जात नाहीत.
वडिलांच्या वेळी मी दारातच उभी होते,
पुरुष गेले तेवढ्या वाटेकडे बघत.
आणि आज ही एक जिवंत बाई
माझ्या हातून कमरेपर्यंत पुरली जात होती
वर म्हणत होती, "अजून घाल. कंजूष कुठली!"

घातली.

डोंगरापलीकडे याली आहे, इथून दिसत नाही.
सेवास्तोस तिथल्या खाणीत एकतीस वर्षं,
संध्याकाळी यायचा गिरणीवाल्यासारखा पांढरा.
तोच दगड लाटेबरोबर पायाशी आला,
भोकाभोकांचा, हाताला वजनच नाही.
"वजरी," मी म्हटलं. आमच्या न्हाणीत असते.
"वाज्री," ती म्हणाली,
नातवाचं नाव घ्यावं तशी, जपून.

मुलगा अस्टोरियाला. म्हणतो, इकडे ये,
बिल्डिंगला लिफ्ट आहे.
"लिफ्ट आहे," ती म्हणाली,
"पण जमीन थंड."

कलिंगडाच्या बिया आम्ही थुंकलो
त्या वाळूत पुन्हा सापडल्या नाहीत.

अर्ध्या तासाने गुडघे वर आले, लालबुंद.
दोन्हींवर एकेक चापट मारून
तिने त्यांना उठवलं.
वजरीने टाच घासली, एकच,
आणि दगड भिरकावला समुद्रात.
बुडाला नाही तो.
मी थोडा वेळ बघत राहिले.
तोवर ती चढणीला लागली होती,
फावडं माझ्यासाठी ठेवून.