चौऱ्याण्णव

भिंतीपासून साडेतीन मीटर. टेपचं दुसरं टोक शाबीकडे.
तिपाईचा एक पाय फणसाच्या मुळावर,
पातळीतला बुडबुडा काही मध्यावर येईना.
एस्पेरांसाबायने चिऱ्याची कपची आणून दिली,
न विचारता.

मग कॅलिब्रेटर माइकच्या तोंडावर टोपीसारखा बसवला.
आत एकच सूर, सपाट, न थकणारा.
मीटर म्हणाला त्र्याण्णव पूर्णांक सहा.
स्क्रू पाव वळसा. चौऱ्याण्णव.
गोंगाट मोजायला बसवण्याआधी
त्याला एक खरा आवाज सांगावा लागतो.

फोमचा काळा गोळा चढवला आणि मागे सरलो;
माणसाच्या अंगावरूनही आवाज परततो.

पावणेदहा. वागातोरच्या चढावरचा क्लब गप्प.
आमची जीप तिठ्यावर दिसताच
कुणीतरी फोन फिरवला असणार.
शाबीने शिवी गिळली.
पडद्यावर एक्केचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस.

“कितें म्हणटा तें?”
मी म्हटलं, काही नाही बाय, नुसता दर्या.

ती बाल्कांवच्या सोप्यावर टेकली, चपला काढून.
“अकरा वर्षांनी,” म्हणाली.
“राहू दे चालू तुझं यंत्र.”