शेऱ्याचा रकाना

पूर्णा जंक्शनच्या उत्तर केबिनमध्ये एकतीस वर्षं
मी गाड्या लिहिल्या.
आली, गेली, किती उशीर, शेरा.
निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला,
आणि एक कोरी नोंदवही मी स्वतःच उचलून आणली.
ही चोरी आहे, असं पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आता तिच्यात मी अनसूया टेकाळेंना लिहितो.
खासदार. विरोधी बाकं, मागून दुसरी रांग,
टीव्हीवर नेहमी अर्ध्याच दिसतात.
मी त्यांना मत दिलेलं नाही.
हेही पहिल्याच पानावर आहे.
गाडी कुणाची का असेना, वेळ तीच लिहायची.

रकाने जुनेच.
आली : बाई उठल्या, बारा वाजून एकोणीस.
गेली : माईक बंद, बारा एकवीस.
उशीर : प्रश्न पहिल्यांदा मांडला त्याला झालेले दिवस.
शेऱ्याची जागा अरुंद,
तिथं सभागृहाचा गोंधळ मावत नाही.

दोन दिवस बाई वेळेवर हजर होत्या
आणि कामकाजच तहकूब.
हे कुठं लिहावं कळेना.
मग लिहिलं : गाडी उभी, सिग्नल नाही.

"कामून लिहिता?" सरस्वती म्हणते,
"ती काय तुम्हाला इचारून बोलती का?"
मालगाडीसुद्धा मला विचारून येत नव्हती.

हिवाळी अधिवेशनात, शून्य प्रहरात,
बाई एकदा आमच्यावर बोलल्या. मराठीतच.
पूर्वेच्या फाटकापाशी पूल नाही,
शाळेच्या पोरी उभ्या मालगाडीखालून जातात,
दप्तर आधी ढकलतात, मग स्वतः.

दप्तर आधी.
कुणीतरी त्यांना नीट सांगितलं असणार.
मी पेन खाली ठेवला.
केबिनच्या खिडकीतून एकतीस वर्षं
मी हे रोज बघितलं होतं.
त्याला रकाना नव्हता.

दोन महिन्यांनी मंत्र्यांचं उत्तर आलं :
पुणे स्थानकावर पुरेसे पादचारी पूल उपलब्ध आहेत.

दुभाष्याच्या कानात पूर्णा शिरली
आणि बाहेर पडेस्तोवर पुणे झाली होती.
छापील कार्यवाहीतही तेच.
म्हणजे पुण्याच्या पोरी मालगाडीखालून शाळेत जातात
असं आता देशाच्या दप्तरी आहे.
सरस्वती पदर तोंडाला लावून हसली.
मग हसायची थांबली आणि म्हणाली,
"आपलं बोललेलंबी पुण्यालाच जातंय बगा."

मी दोन पत्रं टाकली,
एक सचिवालयाला, एक बाईंना.
पला दुसरा उकार, णावर रफार, पुढे काना.
जिल्हा परभणी. नदीचं नाव, गावाचंही.
उत्तर एकाचंही नाही.

पावसाळी अधिवेशन, संध्याकाळी सहा बावन्न.
बाकं जवळजवळ रिकामी.
बाई उठल्या.
"अध्यक्ष महोदय, पुणे नव्हे. पूर्णा.
पला दुसरा उकार, णावर रफार..."
कुणीतरी हसलं. घंटा वाजली.
चौतीस सेकंद.

शब्द माझ्या पत्रातले, बहुतेक.
बहुतेक असा शेरा मारता येत नाही.
रकाना कोरा सोडला.

छापून आलं तेव्हा भिंग लावून बघितलं.
रफार जागेवर होता.

पूल नाही.
रोज सकाळी उशीरमध्ये एक दिवस वाढवतो.
आज चारशे अठरा.
पण हल्ली त्याआधी चप्पल घालून
फाटकापर्यंत जाऊन येतो, पावणेदहाला.
उभ्या मालगाडीच्या अलीकडे थांबतो,
तोंडानं काही बोलत नाही, मोजतो.

पाऊस नव्हता, गाडी कोळशाची, डबे अठ्ठावन्न.
अकरा पोरी.
शेऱ्यात अकरा मावलं.