अर्धी गोळी

मे महिना. माहीमला मानेशी चिकटलेली ओढणी,
आणि पिशवीत लोकरीचे हातमोजे.

ऑफिसातला एसी अठरावर.
साडेदहाच्या सुमारास उजवी तर्जनी पांढरी पडते,
खडूसारखी, कुणा दुसऱ्याची.
मग जांभळी.
मग ठणकत ठणकत तिला मी आठवते.
शेजारची आल्वारिस म्हणते,
"मोजे घालून कुणाच्या लग्नाला निघालीस?"

गोळी घेतली की बिलांवरचे आकडे
जागच्या जागी उभे राहतात,
मला मध्येच कुणी हाक मारत नाही,
मीसुद्धा.
तीच गोळी बोटांकडचे रस्ते आवळते.

वाकनीस म्हणतात, रक्तवाहिन्यांच्या बाईंना विचारा.
दस्तूर बाई म्हणतात, मनाच्या डॉक्टरांना विचारा.
दादर ते परळ चिठ्ठ्या मीच पोचवते;
एक टॅक्सीत विसरले,
त्यात काय होतं ते दोघांनाही आता आठवत नाही.

शेवटी ठरलं : अर्धी. आणि बीपीची वही.
ब्लेडने कापली तर कधीच सारखी होत नाही.
मोठा तुकडा मार्चअखेरीला,
लहान तुकडा एसीखालची खुर्ची मिळाली त्या दिवशी,
भुगा जिभेवर, कडू.

रविवारी गोळीलाही सुट्टी.
दूध उतू जातं. तीन कपाटं सकाळपासून उघडी.
किल्ली तांदळाच्या डब्यात सापडते,
वही तर सापडतच नाही.
बोटं मात्र गुलाबी.
भाची करंगळी धरून विचारते,
"मावशी, आज तुझा हात गरम कसा?"

काहीतरी बोलले असेन.
समोरच्या इमारतीवरची क्रेन
तेव्हा हळूहळू वळत होती.